आकाशातील वाटा

दुपारच्या निरभ्र आकाशातून एखादे विमान मागे पांढरी रेघ ओढीत निघून जाताना तुम्ही पाहिले असेल. रेघ हळूहळू रुंदावते, विरते, आणि थोड्याच वेळात आकाश पुन्हा पूर्वीसारखे कोरे होते. बैलगाडी गेली की मातीत चाकोरी उमटते. आगगाडीला रूळ असतात. नदीतल्या होडीला निदान दोन काठ तरी दिसतात. आकाशाला ना चाकोरी, ना रूळ, ना काठ. म्हणूनच एकदा वर्गात तुमच्याच वयाच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "गुरुजी, आकाश एवढे अफाट आहे, मग दोन विमाने एकमेकांवर आदळतीलच कशी? आणि ती आदळू नयेत म्हणून माणसे नेमायची तरी कशाला?"

प्रश्न चांगला होता. त्या तासाला मी त्याचे पुरते उत्तर देऊ शकलो नाही. ते आज ह्या पाठात देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम थोडे गणित करू. मोठे प्रवासी विमान तासाला सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. म्हणजे मिनिटाला १५ किलोमीटर आणि सेकंदाला २५० मीटर. अशी दोन विमाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यामधील अंतर दर सेकंदाला अर्ध्या किलोमीटरने घटते. आपल्या गावापासून १० किलोमीटरांवर असलेले दुसरे गाव आठवा. तेवढे अंतर ही दोन विमाने मिळून अवघ्या २० सेकंदांत संपवतात. आता सांगा, समोरून काही येत आहे हे दिसणे, ते विमानच आहे हे ओळखणे, काय करावे हे ठरवणे आणि शेकडो टन वजनाचे यंत्र वळवणे, ह्या साऱ्या गोष्टी एवढ्या वेळात उरकतील काय?

त्यातच डोळ्यांची फसगत होते. १० किलोमीटरांवरून नाकासमोर येणारे विमान, हात लांब करून धरलेल्या खसखशीच्या दाण्यापेक्षा मोठे दिसत नाही. शिवाय जे विमान बाजूने निघून जाणार असते, ते काचेवर सरकताना दिसते आणि म्हणून चटकन ध्यानात येते. परंतु जे नेमके आपल्यावरच येऊन आदळणार असते, ते काचेवर एकाच जागी खिळल्यासारखे दिसते. ते फक्त मोठे होत जाते, आणि तेही अगदी अखेरच्या काही सेकंदांत. ज्याच्यापासून सर्वांत अधिक भय, तेच सर्वांत उशिरा नजरेस पडते.

ही गोष्ट जगाला फार मोठी किंमत देऊन कळली. विमानांचा वेग कमी होता आणि त्यांची संख्या थोडी होती, तोवर "पाहा आणि टाळा" ह्या तत्त्वावर पुष्कळसा प्रवास चालत असे. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरातून दोन प्रवासी विमाने काही मिनिटांच्या अंतराने पूर्वेकडे निघाली. वाटेत ग्रँड कॅन्यन नावाची प्रचंड घळई आहे. तिच्यावर ढग दाटून आले होते. त्या भागातील विमानांना एकमेकांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी जमिनीवरील कोणाकडेही नव्हती; ती वैमानिकांच्या डोळ्यांवर सोपवलेली होती. २१,००० फूट उंचीवर ती दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि दोहोंतील सर्व १२८ माणसे प्राणांस मुकली. दोन वर्षांनी, १९५८ साली, अमेरिकेने ह्या कामासाठी नवा कायदा करून स्वतंत्र संस्था उभारली.

त्या दिवशीही आकाश अफाटच होते. मग असे का घडले? ह्याचे उत्तर असे की, आकाश अफाट असले तरी विमाने साऱ्या आकाशभर विखरून उडत नाहीत. ती त्याच त्या शहरांकडे जातात, जवळची तीच वाट धरतात आणि ज्या उंचीवर इंधन कमी लागते तीच उंची पसंत करतात. मैदान केवढेही मोठे असो, साऱ्या गावाची पायवाट एकच असते. आणि गाठ पडते ती पायवाटेवर.

तेव्हा आकाशातही वाटा आखणे भाग पडले. त्या आखल्या कशा, ते पाहू.

पहिली युक्ती उंचीची. आकाशाला जणू मजले पाडले आहेत. एका मजल्यापासून दुसरा मजला १,००० फूट, म्हणजे सुमारे ३०० मीटर दूर. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांनी विषम हजारांचे मजले घ्यावे आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी सम हजारांचे, असा सर्वसाधारण नियम आहे. मुंबईहून नागपूरला निघालेले विमान ३३,००० किंवा ३५,००० फुटांवरून जाईल. नागपूरहून मुंबईस येणारे ३४,००० किंवा ३६,००० फुटांवरून येईल. दोघे एकाच वाटेवर समोरासमोर आले, तरी एक दुसऱ्याच्या डोक्यावरून निघून जाईल. फार वरच्या थरात हवा विरळ असल्याने पूर्वीची उंचीमापके तितकी अचूक नसत. म्हणून २९,००० फुटांच्या वर दोन मजल्यांत २,००० फुटांचे अंतर ठेवीत. यंत्रे सुधारल्यावर, भारताच्या आकाशात २००३ सालापासून, ४१,००० फुटांपर्यंत हे अंतर १,००० फुटांवर आले.

ह्यातही एक मेख आहे. विमानातील उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची सांगते, आणि हवेचा दाब तर रोज, ठिकठिकाणी बदलतो. एका वैमानिकाने आपले यंत्र मुंबईच्या दाबावर लावले आणि दुसऱ्याने नागपूरच्या, तर मधले १,००० फूट केवळ कागदावर राहतील. म्हणून ठरावीक उंचीच्या वर गेल्यावर सर्व विमाने आपली उंचीमापके १०१३.२५ हेक्टोपास्कल ह्या एकाच दाबावर लावतात. त्यामुळे यंत्र ३३,००० फूट दाखवील तेव्हा विमान समुद्रसपाटीपासून नेमके तेवढ्याच उंचीवर असेल असे नाही. पण जी चूक एकाच्या यंत्रात, तीच दुसऱ्याच्या यंत्रात. म्हणून मधले अंतर टिकते. येथे प्रत्येकाने एकट्याने अचूक असण्यापेक्षा सर्वांनी मिळून एकच माप मानणे अधिक मोलाचे ठरते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

दुसरी युक्ती बाजूच्या अंतराची. दोन विमाने एकाच उंचीवर असतील, तर त्यांच्यामध्ये पुरेसे आडवे अंतर हवे. रडारच्या देखरेखीखालील मार्गांवर हे अंतर सामान्यतः ५ सागरी मैल, म्हणजे ९ किलोमीटरांहून थोडे अधिक असते. विमानतळाजवळ वेग कमी झालेला असतो; तेथे पुष्कळदा ३ सागरी मैल पुरतात. उंचीचे अंतर राखा किंवा बाजूचे राखा. पण दोन्ही एकाच वेळी सुटता कामा नये, हा ह्या शास्त्राचा गाभा आहे.

ही अंतरे राखण्याचे काम ज्यांच्याकडे असते, त्यांना विमान वाहतूक नियंत्रक म्हणतात. विमानतळावरच्या उंच मनोऱ्यात बसलेले नियंत्रक तुम्ही चित्रांत पाहिले असतील. ते धावपट्टीवर आणि तिच्या आसपास असलेल्या विमानांची व्यवस्था पाहतात. पण दूरच्या वाटेवरील विमानांची काळजी वाहणारे त्यांचे सोबती पडदे ओढलेल्या दालनात, रडारच्या चकाकत्या फलकासमोर बसलेले असतात. त्यांना खिडकीतून एकही विमान दिसत नाही. फलकावरचे ठिपके हेच त्यांचे आकाश. जमिनीवरून निघालेली रेडिओलहर विमानापर्यंत पोहोचली की विमानातील ट्रान्सपाँडर नावाचे यंत्र तिला उत्तर देते. त्या उत्तरातून विमानाची ओळख आणि त्याची उंची ठिपक्याशेजारी उमटते. भारताच्या आकाशाचे दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई असे चार मोठे विभाग आहेत, आणि प्रत्येक विभागात पुन्हा लहान भाग. एका भागाची सीमा आली की तेथला नियंत्रक विमानाला पुढच्या नियंत्रकाच्या स्वाधीन करतो. पालखी एका गावच्या वेशीवर पुढच्या गावच्या खांद्यावर द्यावी, तसा हा प्रकार आहे.

नियंत्रकाच्या हाती सुकाणू नसते. त्याच्या हाती असतो तो केवळ शब्द. म्हणून ह्या व्यवसायात शब्दाची फार काटेकोर जपणूक करतात. नियंत्रकाने सांगितले, "चार-दोन-सात, ३३,००० फुटांपर्यंत चढा," तर वैमानिकाने नुसते "बरे" म्हणून चालत नाही. "३३,००० फुटांपर्यंत चढतो, चार-दोन-सात," असा तो हुकूम त्याला परत म्हणून दाखवावा लागतो, आणि नियंत्रकाने तो कान देऊन ऐकावा लागतो. ऐकण्यात चूक झाली असेल तर ती ह्या पुनरुच्चारातच पकडली जावी, हा हेतू. हे बोलणे बहुधा इंग्रजीत चालते. खरखरत्या यंत्रातून इंग्रजी 'फाइव्ह' आणि 'नाइन' सारखेच ऐकू येण्याचा संभव असतो. म्हणून पाचाला 'फाइफ' आणि नऊला 'नायनर' म्हणण्याची रीत आहे. पाढे म्हणताना तुम्ही अंक गिळलेत तर फार तर गुण जातील. येथे अंक गिळून चालत नाही.

शब्द ऐकला, पण पाळला गेला नाही, तर काय होते? ह्याचे अत्यंत दुःखद उदाहरण आपल्याच देशात घडले. १२ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळी सौदी अरेबियाचे एक बोइंग ७४७ विमान दिल्लीहून निघून वर चढत होते. त्याच वेळी कझाकस्तानचे एक इल्यूशिन विमान दिल्लीस उतरण्यासाठी खाली येत होते. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना त्या बाजूस तेव्हा एकच मार्ग होता. नियंत्रकाने चढणाऱ्या विमानास १४,००० फुटांवर थांबण्यास सांगितले आणि उतरणाऱ्यास १५,००० फुटांवर. समोरून दुसरे विमान येत आहे, ही सूचनाही उतरणाऱ्या विमानास दिली. मध्ये १,००० फूट राखून दोघे एकमेकांना ओलांडून जावयाचे होते. परंतु उतरणारे विमान १५,००० फुटांवर थांबले नाही. ते खाली येत राहिले. दिल्लीत त्या वेळी कामावर असलेल्या रडारवर विमानाची उंची दिसत नसे, त्यामुळे नियंत्रकास हे कळण्याचा मार्ग नव्हता. हरयाणातील चरखी दादरी गावाजवळ दोन्ही विमाने आदळली. ३४९ माणसे गेली. एकही वाचले नाही. न्यायमूर्ती लाहोटी ह्यांच्या आयोगाने चौकशी केली. उतरणाऱ्या विमानाने आपली ठरलेली उंची सोडली, आणि इंग्रजी सूचनांचा अर्थ नीट न उमगणे हे त्यामागचे एक कारण होते, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर दिल्लीच्या येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या करण्यात आल्या, आणि टक्कर टाळणारे एक यंत्र भारताच्या आकाशात येणाऱ्या प्रवासी विमानांवर असलेच पाहिजे, असा नियम झाला. त्या दोन्ही विमानांवर ते यंत्र नव्हते.

ह्या यंत्राला टीकॅस म्हणतात. त्याची करामत समजण्यासाठी एक नेहमीचा अनुभव आठवा. तुम्ही अरुंद बोळातून चालला आहात. समोरून कोणी येत आहे. त्याला वाट द्यावी म्हणून तुम्ही उजवीकडे सरकता. तोही भला माणूस, तोही त्याच बाजूस सरकतो. मग दोघेही दुसऱ्या बाजूस! दोघांचाही हेतू चांगला, दोघांचीही समजूत बरोबर, आणि तरी वाट अडतेच. बोळात हसून मोकळे होता येते. आकाशात हसायला वेळ नसतो.

टीकॅस हा पेच सोडवते. ते दर सेकंदाला आसपासच्या विमानांना विचारते, "तू कोण? किती उंचीवर?" आणि त्यांच्या ट्रान्सपाँडरकडून उत्तर मिळवते. अंतर किती वेगाने घटत आहे हे पाहून गाठ पडण्यास किती सेकंद उरले, ह्याचा ते हिशेब करते. सुमारे पाऊण मिनिट उरले की "ट्रॅफिक, ट्रॅफिक" असा इशारा देते. धोका टळला नाही, तर आणखी थोड्या सेकंदांनी ते स्पष्ट हुकूम सोडते: "क्लाइंब, क्लाइंब," म्हणजे वर चढा, किंवा "डिसेंड, डिसेंड," म्हणजे खाली उतरा. त्यातील खरी खुबी अशी की, दोन विमानांवरील दोन यंत्रे हुकूम देण्यापूर्वी आपसांत बोलून घेतात. एकाने "वर" म्हटले, तर दुसरे "खाली" म्हणते. बोळातल्या त्या दोघांनी अगोदरच ठरवून घ्यावे, तसे.

आता तुमच्यापैकी एखादा चतुर विद्यार्थी विचारील, "नियंत्रक म्हणाला खाली उतरा, आणि त्याच क्षणी यंत्र म्हणाले वर चढा, तर वैमानिकाने कोणाचे ऐकावे?" हाच प्रश्न एके दिवशी जपानच्या आकाशात प्रत्यक्ष उभा राहिला.

३१ जानेवारी २००१. एकाच कंपनीची दोन विमाने. एक बोइंग ७४७, क्रमांक ९०७, टोकियोहून ओकिनावा बेटावरील नाहा शहराकडे निघालेले आणि वर चढत असलेले. दुसरे डीसी-१०, क्रमांक ९५८, दक्षिण कोरियातील बुसानहून टोकियोजवळच्या नारिता विमानतळाकडे, ३७,००० फुटांवरून येत असलेले. दोन्ही मिळून ६७७ माणसे. दोघांच्या वाटा जवळ येत असल्याचा इशारा नियंत्रकाच्या फलकावर उमटला. फलकासमोर बसलेला नियंत्रक शिकाऊ होता. त्याच्या शेजारी देखरेख करणारी अनुभवी व्यक्तीही होती. ९५८ ला खाली उतरवावे, असा शिकाऊ नियंत्रकाने विचार केला. विचार योग्य होता. पण तोंडातून क्रमांक निघाला तो ९०७! ९०७ च्या वैमानिकाने हुकूम परत म्हणून दाखवला. क्रमांक चुकल्याचे नियंत्रकाच्या ध्यानात आले नाही. वर चढणारे ९०७ खाली उतरू लागले.

इतक्यात दोन्ही विमानांतील यंत्रे बोलू लागली. ९५८ च्या यंत्राने सांगितले, खाली उतरा. ते उतरू लागले. ९०७ च्या यंत्राने सांगितले, वर चढा. ९०७ च्या कप्तानापुढे पेच पडला. नियंत्रकाचा हुकूम खाली उतरण्याचा. विमान उतरू लागलेले. इंजिनांचा जोर कमी केलेला. आणि समोरचे विमान डोळ्यांना दिसत असलेले. त्याने उतरणेच चालू ठेवले. देखरेख करणाऱ्या व्यक्तीने घाईघाईने हस्तक्षेप केला, तर तिच्या तोंडून ९५७ असा क्रमांक निघाला. त्या क्रमांकाचे विमान तेथे नव्हतेच! दोन्ही विमाने एकाच वेळी खाली उतरत होती, बोळातल्या त्या दोन भल्या माणसांप्रमाणे. शेवटच्या क्षणी ९०७ च्या कप्तानाने विमानाचे नाक जोराने खाली दाबले आणि ते दुसऱ्या विमानाच्या खालून निसटले. दोहोंत अंतर राहिले ते सुमारे शंभर-दीडशे मीटरांचे, म्हणजे तुमच्या शाळेच्या क्रीडांगणाएवढे. ९०७ मधील माणसे आणि खाद्यपेयांच्या गाड्या छतापर्यंत उसळल्या. सुमारे शंभर जण जखमी झाले. पण एकाचाही प्राण गेला नाही.

ह्या प्रसंगात मूर्ख कोण होते? कोणीच नव्हते. शिकाऊ नियंत्रकाचा बेत बरोबर होता. त्याची जीभ चुकली. कप्तानाने हुकूम पाळला आणि डोळ्यांनी पाहून निर्णय घेतला. ९५८ च्या वैमानिकाने यंत्राचे ऐकले. प्रत्येकाच्या वागण्याला कारण होते. उणीव होती ती एवढीच की, दोन हुकूम परस्परविरुद्ध आले तर सर्वांनी कोणता मानावा, हे साऱ्या जगात एकमुखाने आणि निःसंदिग्ध शब्दांत ठरलेले नव्हते.

ही उणीव भरून निघण्यापूर्वीच, दीड वर्षाच्या आत, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीच्या दक्षिणेस उबरलिंगन गावावर तोच पेच पुन्हा आला. एक रशियन प्रवासी विमान आणि एक मालवाहू बोइंग ७५७ एकाच उंचीवर आले. तेथील आकाश झुरिकच्या केंद्राकडे होते, आणि त्या रात्री तेथे एकच नियंत्रक दोन फलकांवरील काम पाहत होता. दुरुस्ती चालू असल्यामुळे धोक्याचा इशारा देणारी व्यवस्थाही नेहमीसारखी काम करीत नव्हती. धोका उशिरा ध्यानात येताच नियंत्रकाने रशियन विमानास खाली उतरण्यास सांगितले. त्याच विमानातील यंत्र सांगत होते, वर चढा. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. मालवाहू विमानाच्या वैमानिकांनी यंत्राचे ऐकले; आणि त्यांचे यंत्र सांगत होते, खाली उतरा. ह्या वेळी क्रीडांगणाएवढेही अंतर राहिले नाही. ७१ जण गेले. त्यांत बहुसंख्य होती ती सुट्टीसाठी स्पेनला निघालेली, तुमच्यासारखी शाळकरी मुले.

त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम स्वच्छ शब्दांत मांडला गेला. टीकॅसने चढण्याचा वा उतरण्याचा हुकूम दिला, तर वैमानिकाने तोच पाळावा. नियंत्रक त्याच्या उलट सांगत असला तरीही. वैमानिकाने यंत्राचा हुकूम पाळत असल्याचे नियंत्रकास कळवावे, आणि नियंत्रकाने धोका टळेपर्यंत त्या विमानास चढण्या-उतरण्याबद्दल काहीही सांगू नये. यंत्र माणसापेक्षा शहाणे आहे, म्हणून हा नियम झाला असे समजू नका. कारण वेगळे आहे. त्या थोड्या सेकंदांत एका विमानाने काय ठरवले हे दुसऱ्या विमानास ठाऊक असते, ते केवळ त्या दोन यंत्रांमुळे. नियंत्रकाचा सल्ला कितीही चांगला असला, तरी तो यंत्राला ऐकू येत नाही. चांगला निर्णयसुद्धा समोरच्याला न कळला तर घातक ठरू शकतो.

आपल्याकडे एकेरी लोहमार्गावर पूर्वापार एक पद्धत होती. पुढच्या स्थानकापर्यंतच्या रुळाचा पोलादी गोळा हाती आल्याशिवाय चालकाने गाडी पुढे न्यायची नाही. समोरचा रूळ रिकामा दिसतो आहे, आपल्याला घाई आहे, हवाही स्वच्छ आहे, ह्यांतले काहीही त्या गोळ्याऐवजी चालत नसे. गोळा एकाच्या हाती आहे, तोवर दुसऱ्याच्या हाती नाही, एवढी एकच खात्री तो देई. आणि तिच्यावर शेकडो प्रवासी निर्धास्त झोपत. आकाशातले मजले, सर्वांनी मानलेला तो एकच हवेचा दाब, परत म्हणून दाखवलेला हुकूम आणि आपसांत बोलून घेणारी ती दोन यंत्रे, हे सारे त्या पोलादी गोळ्याचेच निरनिराळे अवतार आहेत.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. आकाश अफाट आहे खरे. पण विमानाला सुरक्षित ठेवते ते आकाशाचे अफाटपण नव्हे. एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या, निरनिराळ्या देशांच्या आणि निरनिराळ्या भाषांच्या माणसांनी आधी ठरवून ठेवलेला आणि ऐन वेळी पाळलेला शब्द त्याला सुरक्षित ठेवतो. पुढच्या वेळी डोक्यावरून दोन पांढऱ्या रेघा एकमेकींना छेदून जाताना दिसल्या, तर क्षणभर थांबून वर पाहा. खालून त्या एकाच ठिकाणी मिळाल्यासारख्या दिसतील. पण वर त्या दोहोंमध्ये एक मजला मोकळा असेल. तो मोकळा राहावा म्हणून कोठेतरी एका पडदे ओढलेल्या दालनात कोणीतरी एक अंक स्पष्ट उच्चारलेला असेल, आणि दुसऱ्या कोणीतरी तो तितक्याच स्पष्टपणे परत म्हणून दाखवलेला असेल.